‘इंटरनेटवरून साभार’ लिहिण्याआधी

हातात समई धरलेली ती साडीतली मुलगी तुम्ही नक्की पाहिली असेल. दुसऱ्या हातानं ज्योत झाकलेली, बोटांमधून लालसर उजेड झिरपतोय, चेहरा त्या उजेडानं भरून गेलाय. कॅलेंडरांवर आणि दिवाळीच्या व्हॉट्सॲप संदेशांत हे चित्र फिरत असतं आणि खाली बहुधा ‘राजा रविवर्मा’ असं लिहिलेलं असतं. आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीनं ते तसंच उचलून आपल्या प्रबंधात घातलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. रविवर्मा १९०६ साली गेले, आपल्याकडे प्रताधिकार (कॉपीराइट) चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे चित्र केव्हाच मोकळं झालं. हिशेब बरोबर होता, माणूस चुकला होता. ते जलरंगातलं चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं. नाव ‘ग्लो ऑफ होप’, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. हळदणकर १९६८ साली गेले. त्यांची ६० वर्षं २०२८च्या अखेरीस पुरी होतात. चित्र मोकळं होणार १ जानेवारी २०२९ला.

मी ग्रंथपाल आहे. चित्र घेऊन येणारा प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक शिक्षक मला एकच विचारतो, ‘हे वापरलं तर चालेल का?’ पण त्याआधीचा प्रश्न आहे, ‘हे कोणाचं?’ तो सुटला की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं, आणि तो सुटला नाही तर कायद्याची कितीही कलमं पाठ असली तरी उपयोग होत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमानं लिहिल्या आहेत.

आधी मूळ गाठा

गूगलवर दिसलेलं चित्र गूगलचं नसतं. पिंटरेस्टवरचं पिंटरेस्टचं नसतं, आणि ज्यांनी ते ग्रुपवर पाठवलं त्यांचं तर नसतंच. ही सगळी वाटेतली ठिकाणं. चित्र जिथे पहिल्यांदा ठेवलं गेलं ते पान सापडेपर्यंत मागे जायचं.

यासाठी चित्रावरूनच चित्र शोधता येतं. गूगल लेन्समध्ये चित्र टाका, त्याच्या बाकीच्या प्रती कुठे कुठे आहेत ते कळतं. टिनआय नावाची आणखी एक सेवा आहे, तिथे निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावता येतात. मूळ पकडायला ही सोय फार कामाची. सापडलेल्या प्रतींतली सर्वांत मोठी, सर्वांत स्पष्ट प्रत उघडा. मूळ मालकाकडे चित्र सहसा सर्वांत मोठ्या आकारात असतं, आणि नक्कल होत होत ते लहान व धूसर होत जातं. संग्रहालयाचं पान मिळालं तर तिथे चित्रकार, काळ, माध्यम आणि संग्रह क्रमांक मिळतो. हा क्रमांक लगेच लिहून ठेवा, पुढे पत्रव्यवहारात तोच लागतो.

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसाठ्यात मिळालेल्या चित्राच्या बाबतीतही डोळे मिटून चालू नये. चित्राच्या पानावर ‘स्रोत’ आणि ‘कर्ता’ या दोन ओळी वाचा. १९३०च्या दशकातला एखादा काळा-पांढरा फोटो, आकार टपाल तिकिटाएवढा, आणि स्रोतापुढे ‘स्वतःचं काम’ असं लिहिलेलं दिसलं, तर कुणीतरी कुठूनतरी उचलून आपल्या नावावर चढवलेला तो फोटो आहे असं समजा आणि पुढे शोधा.

मग वर्षं मोजा

आपला कायदा १९५७चा. त्यात चित्र, रेखाटन, नकाशा, आकृती, तक्ता, शिल्प, छायाचित्र हे सगळं ‘कलाकृती’त येतं, मग त्यात कलागुण असो वा नसो. वहीत काढलेली हृदयाची आकृतीसुद्धा. प्रताधिकार मिळवायला नोंदणी लागत नाही. चित्र कागदावर उतरलं की तो लागू होतो. चित्रावर गोलातला ‘सी’ नाही म्हणून ते मोकळं आहे, ही समजूत पहिल्यांदा डोक्यातून काढा.

मुदत कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. पूर्वी ती ५० होती, १९९२ साली ६० झाली. मोजायला सोपं आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५च्या सुरुवातीपासून भारतात मोकळी. अमृता शेरगिल १९४१, मोकळी. वासुदेव गायतोंडे २००१, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत थांबायचं. हुसेन २०११, म्हणजे २०७१. कर्त्याचं नावच नसेल, तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजायची.

छायाचित्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१२ साली कायदा बदलेपर्यंत छायाचित्राची मुदत ते प्रसिद्ध झालेल्या वर्षापासून मोजत असत. आता ती छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. पण ज्यांची मुदत बदलाआधीच संपली होती ती छायाचित्रं पुन्हा बांधली गेली नाहीत. म्हणून १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेली छायाचित्रं मोकळी धरता येतात. इथे ‘प्रसिद्ध’ या शब्दावर जोर द्या. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला आणि कधीच न छापलेला फोटो १९४०चा असला, तरी त्याला हा हिशेब लावता येत नाही.

मालक कोण हेही पाहावं लागतं. साधारणपणे ज्यानं फोटो काढला तो. नोकरीचा भाग म्हणून काढला असेल तर मालक म्हणजे ती संस्था. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास काढून घेणारा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो शाळेनं पैसे देऊन काढले असतील तर ते शाळेचे.

परदेशी नियतकालिकात लिहिणाऱ्यांसाठी एक खाचखळगा. भारतात मोकळं झालेलं चित्र अमेरिकेतही मोकळं असेलच असं नाही. धुरंधरांचं एखादं चित्र १९४० साली पहिल्यांदा छापलं गेलं असेल, तर आपल्याकडे ते केव्हाच मोकळं झालं. अमेरिकेत मात्र प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचा हिशेब लागतो आणि ते २०३५च्या अखेरपर्यंत अडकलेलं असतं. विकिमीडिया कॉमन्सवरून कधीकधी आपली जुनी चित्रं काढून टाकली जातात. त्यामागे बरेचदा हेच कारण असतं, कारण कॉमन्सला चित्र दोन्हीकडे मोकळं लागतं.

वर्ग, प्रबंध की यूट्यूब?

समजा, वर्षं मोजली आणि चित्र अजून प्रताधिकारात आहे असं निघालं. म्हणून दार बंद होत नाही. आता पाहायचं की तुम्ही त्याचं काय करणार आहात.

शिक्षकांसाठी आपला कायदा खरंच उदार आहे, आणि हे शिक्षकांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. कलम ५२ मधल्या तरतुदीनुसार शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची नक्कल केली तर तो प्रताधिकाराचा भंग नाही. प्रश्नपत्रिकेत चित्र घालणं आणि उत्तरपत्रिकेत ते काढणं हेही त्यातच आलं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. पुस्तकांतल्या प्रकरणांचे संच तिथे विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स करून मिळत. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की शिकवण्याचा ओघ म्हणजे वर्गातला तेवढा तास नव्हे, त्याच्या आधीची आणि नंतरची सगळी प्रक्रिया त्यात येते. पुढे २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. तो वाद मजकुराचा होता, पण तरतूद ‘कोणत्याही कृती’बद्दल आहे, त्यामुळे चित्रांनाही ती लागू पडते.

तेव्हा वर्गात दाखवायची पीपीटी, तुकडीपुरती वर्कशीट, लॉगिन असलेल्या गूगल क्लासरूममधल्या नोट्स, इथे निर्धास्त राहा. श्रेय मात्र द्या. मुलं तेच पाहून शिकतात.

हीच पीपीटी यूट्यूबवर चढवली, की ती वर्गातली राहत नाही. तिचं पुस्तक करून विकलं, क्लासच्या जाहिरातीत तिच्यातलं चित्र घातलं, की शिक्षकाची सवलत तिथे संपली. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. बालभारतीच्या पुस्तकातलं चित्र वर्गात फळ्यावर दाखवायला कुणाची आडकाठी नाही, पण त्या चित्रांचे हक्क मंडळाकडे आहेत आणि गाईड छापणाऱ्याला लेखी परवानगी लागते.

संशोधकांनी आणखी जपावं. स्वतःच्या अभ्यासासाठी चित्र उतरवून ठेवणं, त्यावर टिपणं काढणं, याला कायद्यात सवलत आहे, कारण खासगी वापरात संशोधन येतं. समीक्षेसाठीही सवलत आहे. इथे मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगते: तुम्ही त्या चित्राबद्दल बोलताय, की चित्र शोभेला लावलंय? गायतोंड्यांच्या एका चित्रातल्या रंगलेपनाची चर्चा तुम्ही दोन पानं करत असाल आणि ते चित्र तिथे वाचकाला दिसावं म्हणून छापत असाल, तर समीक्षेचा आधार भक्कम आहे. तेच चित्र मुखपृष्ठावर देखणं दिसतं म्हणून घेतलं, तर आधार नाही. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ‘फेअर यूज’ म्हणत आपल्याकडे काहीही वापरण्याची रीत पडली आहे. आपल्या कायद्यात आहे ते ‘फेअर डीलिंग’, आणि ते ठरावीक हेतूंपुरतंच आहे. अमेरिकेत मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळींनी मात्र तिथलाच कायदा पाहावा.

प्रबंधाबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. तो प्रसिद्ध होणार असं धरूनच चित्रं निवडा. पीएच.डी.चा प्रबंध आज कपाटात राहत नाही, तो शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो आणि जगात कुणीही उघडू शकतं. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या पन्नास चित्रांचे स्रोत सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात शोधत बसलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांचे चेहरे आठवले की हा लेख लिहावासा वाटतो.

आणखी एक. वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव दिलं की चौर्याचा आरोप टळतो, परवानगीचा प्रश्न तसाच राहतो. उलटही खरं. रविवर्म्याचं मोकळं चित्र नाव न देता वापरलं तर प्रताधिकाराचा भंग होत नाही, पण अभ्यासात ती लबाडीच.

मोकळी चित्रं कुठे मिळतात

एक उदाहरण घेऊन चालू. इयत्ता चौथीच्या पाठासाठी किंवा एखाद्या लेखासाठी शिवाजी महाराजांचं चित्र हवंय. गूगलवर शोधलं की शेकडो येतात, त्यांतली बहुतेक हयात किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकारांची. देखणी आहेत, पण त्यांची. आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर जा. १६८०च्या दशकात गोवळकोंड्यात तयार झालेल्या एका चित्रसंग्रहात महाराजांचं चित्र आहे, विटसेन नावाच्या डच गृहस्थाच्या संग्रहातलं. म्हणजे महाराजांच्या निधनानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. संग्रहालयानं ते मोठ्या आकारात, प्रताधिकारमुक्त म्हणून ठेवलंय. छापा, विका, भिंतीएवढं करा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही त्याच सुमाराचं चित्र आहे, पण त्यांच्या फोटोंना अव्यावसायिक वापराची अट आहे. चित्रं एकाच काळातली, विषय एकच, वापराची मुभा निराळी. आणि शिकवण्याच्या दृष्टीनंही, समकालीनांनी महाराजांना कसं रंगवलं ते मुलांना दाखवणं कितीतरी मोलाचं. एआयनं बनवलेले महाराज इतिहासाच्या पाठात कृपा करून घालू नका. त्यातला जिरेटोप, तलवार, किल्ला यांपैकी कशालाच पुरावा नसतो आणि मुलांच्या डोक्यात तेच पक्कं बसतं.

जुन्या कलेसाठी पुढची दालनं लक्षात ठेवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ साली आपल्याकडच्या प्रताधिकारमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं पूर्ण मोकळी केली. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २०१८ साली आणि स्मिथसोनियननं २०२० साली तेच केलं. भारतीय लघुचित्रं, कांस्यमूर्ती, वस्त्रं यांचा मोठा साठा तिथे आहे. शोधताना ‘ओपन ॲक्सेस’ किंवा ‘पब्लिक डोमेन’ची खूण लावा, नाहीतर बांधलेली चित्रंही मधे येतात. अजिंठ्यावर काम करणाऱ्यांसाठी जॉन ग्रिफिथ्सचे १८९६–९७ साली निघालेले दोन खंड आहेत. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून केलेल्या प्रतिकृती त्यांत छापल्या आहेत. ग्रिफिथ्स १९१८ साली गेले. लेण्यांतल्या रंगांची त्या काळची अवस्था त्यात दिसते, आज जाऊन काढलेल्या फोटोत ती मिळणार नाही.

वनस्पती, प्राणी, पक्षी हवे असतील तर शास्त्रीय नावानं शोधा. विकिमीडिया कॉमन्सवर ‘शेकरू’ लिहून मोजकी चित्रं येतील, ‘रॅटुफा इंडिका’ हे नाव रोमन लिपीत टाकलं की भरपूर. आयनॅचरलिस्टवर लोकांनी काढलेले लाखो फोटो आहेत आणि ओळख बरेचदा इतरांनी तपासलेली असते, पण तिथला परवाना फोटोगणिक बदलतो. काहीच न निवडल्यास अव्यावसायिक परवाना लागतो, त्यामुळे प्रत्येक फोटोखालची ओळ वाचायचीच. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे इथली चित्रं फुकट आणि सुंदर असतात. पीपीटीच्या पहिल्या पानाला ठीक. पण पुरावा म्हणून मी ती घेऊ देत नाही. ‘भारतीय खेडं’ म्हणून दिलेला फोटो कुठल्या देशातला आहे हेच अनेकदा कळत नाही.

अवकाशासाठी नासा. तिथली बहुतेक छायाचित्रं अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांची असल्यामुळे प्रताधिकारात येत नाहीत. फक्त नासाचं बोधचिन्ह वापरू नका, आणि फोटोखाली दुसऱ्या संस्थेचं नाव असेल तर थांबा. भारत सरकारच्या संकेतस्थळांना हाच नियम लावायची चूक मात्र करू नका. आपल्याकडे सरकारच्या कृतींनाही प्रसिद्धीपासून ६० वर्षं प्रताधिकार असतो. पानाच्या अगदी तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ असा दुवा असतो, तो उघडून वाचा. काही खाती श्रेयाच्या अटीवर मोकळीक देतात, काही मेल करून परवानगी मागा म्हणतात.

नकाशाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे प्रश्न निव्वळ प्रताधिकाराचा नाही. परदेशी संकेतस्थळांवरच्या बऱ्याच नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भूगोलाची वर्कशीट असो वा शोधनिबंध, देशाची बाह्यरेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथे नकाशे उतरवून घेता येतात.

आणि स्वतःचा कॅमेरा विसरू नका. सार्वजनिक जागेत कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कायदा परवानगी देतो, इमारतींचंही तसंच. चौकातल्या पुतळ्याचा तुम्ही काढलेला फोटो तुमचा. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ही सवलत नाही, तिथे चित्रकार शोधावा लागतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिवई लावायला परवानगी लागते, अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे. विद्यार्थ्यांचे फोटो छापायचे तर आधी पालकांची लेखी संमती घ्या. तो फोटो तुम्ही काढला म्हणून ते मूल तुमच्या पुस्तकात यायला बांधील नाही.

परवान्याची अक्षरं

क्रिएटिव्ह कॉमन्स (‘सीसी’) म्हणजे मालकानं आधीच देऊन ठेवलेली परवानगी, अटींसह. अटी अक्षरांत असतात. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेलं रूप पसरवू नका. ‘एसए’ म्हणजे बदल करून दिलंत तर त्याच परवान्यानं पुढे द्या. यांच्या जुळण्यांतून सहा परवाने होतात. ‘सीसी झिरो’ला काहीच अट नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना यातलं ‘एनडी’ आणि ‘एसए’ नीट समजलं पाहिजे, कारण आपण जवळजवळ नेहमीच चित्र बदलतो. हृदयाची किंवा जलचक्राची इंग्रजी आकृती घ्यायची आणि त्यावर ‘महाधमनी’, ‘बाष्पीभवन’ अशी मराठी नावं घालायची, हा आपला रोजचा उद्योग. नावांचं भाषांतर म्हणजे बदललेलं रूप. मूळ आकृती ‘एनडी’ असेल तर मराठी आकृती घरी करून बघा, पण ती छापू किंवा पसरवू नका. मूळ ‘बाय-एसए’ असेल तर खुशाल करा, मात्र तुमची मराठी आकृतीही ‘बाय-एसए’ राहील आणि दुसरा शिक्षक ती न विचारता घेऊ शकेल. मला ही अट फार आवडते. एकानं केलेली मराठी आकृती सगळ्यांची होते. तिच्यामुळे तुमचं सगळं पुस्तक मात्र मोकळं करावं लागत नाही, अट त्या आकृतीपुरतीच. कॉमन्सवरच्या बऱ्याच आकृत्या एसव्हीजी प्रकारच्या असतात. त्यांतली अक्षरं इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सरळ बदलता येतात, चित्र पुन्हा काढावं लागत नाही.

‘एनसी’त संस्था कोणती हे पाहत नाहीत, वापर कोणता हे पाहतात. धर्मादाय संस्थेनं तेच चित्र विक्रीच्या पुस्तकात घातलं तर प्रश्न येऊ शकतो. विकायचं काही करत असाल तर ‘एनसी’ टाळा, शोधताना सुरुवातीलाच गाळून टाका. गूगलच्या चित्रशोधात ‘साधने’ उघडली की वापराच्या हक्कांची गाळणी मिळते, ओपनव्हर्स या मोकळ्या चित्रांच्या शोधयंत्रावर आणि फ्लिकरवरही आहे. गाळणीवर शेवटचा विश्वास ठेवू नका, मूळ पानावर परवाना स्वतः वाचा.

शोधनिबंधांतल्या आकृत्यांचं थोडक्यात. लेख ‘सीसी बाय’ असेल तर आकृती श्रेय देऊन घ्या. नसेल तर लेखाच्या पानावरच परवानगीचा दुवा असतो. प्रबंधासाठी अनेक प्रकाशक ती विनामूल्य देतात आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. स्वतःच्याच जुन्या लेखातली आकृती असली तरी करार काढून पाहा, हक्क प्रकाशकाला लिहून दिलेला असू शकतो. आकडेवारीवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. म्हणून आकडे घेऊन आलेख आपण नव्यानं काढावा आणि ‘अमुक यांच्या आकडेवारीवरून’ असं लिहावं. नुसते रंग बदलून तीच आकृती गिरवणं म्हणजे नक्कलच.

श्रेयाची ओळ

‘इंटरनेटवरून साभार’ ही ओळ आपल्या दिवाळी अंकांपासून प्रबंधांपर्यंत सगळीकडे दिसते. तिच्यातून वाचकाला काहीच कळत नाही आणि कर्त्याला काहीच मिळत नाही. कलम ५७ नं कर्त्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि कृतीची मोडतोड थांबवण्याचा हक्क दिलाय, तो मालकी विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. ओळीत चार गोष्टी हव्यात: कृतीचं नाव, कर्ता, कुठून घेतली, परवाना. बदल केला असेल तर तोही. असं:

शिवाजी महाराज, गोवळकोंडा शैली, सु. १६८०चं दशक. राइक्सम्युझियम, ॲमस्टरडॅम. प्रताधिकारमुक्त.

मानवी हृदय (कर्त्याचं नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०. नावांचं मराठी भाषांतर केलं आहे, याच परवान्यानं उपलब्ध.

पीपीटीत ही ओळ चित्राखालीच लहान अक्षरात टाका. शेवटच्या पानावर सगळी श्रेयं एकत्र दिली तर कुठलं श्रेय कुठल्या चित्राचं ते कळत नाही.

परवानगीचं पत्र

लोक पत्र लिहायला कचरतात. माझा अनुभव असा की चित्रकार आणि त्यांच्या घरची माणसं बहुधा आनंदानं हो म्हणतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. संग्रहालयं शुल्क लावू शकतात, पण शैक्षणिक वापरासाठी ते कमी करता येईल का हे विचारायला काहीच हरकत नाही. पत्र छोटं आणि नेमकं असावं:

‘सप्रेम नमस्कार. मी … महाविद्यालयात … या विषयावर संशोधन करत आहे. माझ्या … या पुस्तकात आपले वडील कै. … यांचं … (साल …) हे चित्र छापण्याची परवानगी हवी आहे. पुस्तक मराठीत असून ५०० प्रती निघतील, तसंच त्याचं ई-पुस्तकही होईल. चित्र आतल्या पानावर, पूर्ण, काटछाट न करता छापलं जाईल. खाली श्रेयाची ओळ पुढीलप्रमाणे देऊ: … यात काही बदल हवा असल्यास कळवावं. आपल्याकडून होकार आल्यावरच चित्र वापरू. पुस्तकाची प्रत आपल्याला पाठवू.’

ई-पुस्तकाचा उल्लेख विसरू नका, छापील आवृत्तीची परवानगी ऑनलाइनला आपोआप लागू होत नाही. फोनवर होकार मिळाला तर लगेच मेल करून ‘आपलं बोलणं झाल्याप्रमाणे’ असं लिहा आणि उत्तर मागून घ्या. उत्तर आलं नाही तर तो होकार नव्हे. तीन-चार आठवड्यांनी आठवण करा, तरी काही नाही तर दुसरं चित्र शोधा. काही जणांना वाटतं ‘पत्र पाठवलं होतं’ एवढं पुरेसं आहे. ते पुरेसं नाही.

या सगळ्याची नोंद एका एक्सेल पत्रकात ठेवा, पहिल्या चित्रापासून. फाइलचं नाव, कर्ता आणि त्याचं मृत्यूवर्ष, मूळ पानाचा पत्ता, परवाना, उतरवल्याची तारीख, परवानगीच्या मेलची प्रत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की घेतलेल्याकडून काढून घेता येत नाही, पण पान बदलू शकतं आणि मग तो दिला होता हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते. म्हणून परवान्याची ओळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा आणि पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाची नोटीस आलीच, तर घाबरून गप्प बसू नका. चित्र तात्पुरतं उतरवा, पत्रक उघडा, आणि पाठवणारा खरंच मालक आहे का ते तपासूनच उत्तर द्या. रक्कम मागितली असेल तर वकिलांना दाखवा.

त्या विद्यार्थिनीनं तेव्हा चित्र ठेवलं, कारण तिच्या प्रकरणाचा विषयच छापील चित्रांतली स्त्रीप्रतिमा हा होता आणि ती त्या चित्राची समीक्षा करत होती. नाव मात्र बदललं, आणि एक तळटीप वाढली: हे चित्र रविवर्म्याचं म्हणून का ओळखलं जाऊ लागलं असावं, यावर. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्या तळटिपेवरच विचारले गेले.